शाळेची राखण

तुमच्या गावाहून पोलीस ठाणं किती लांब आहे? कोणी किलोमीटरमध्ये सांगेल, कोणी एस.टी.च्या तिकिटात सांगेल. एखादे आजोबा म्हणतील, ‘लांब आहे बाबा, आणि लांब आहे तेच बरं!’ शाळेतल्या मुलांच्या सुरक्षिततेचा विचार करायचा, तर मला वाटतं, आपल्याला किलोमीटर थोडे नडतात आणि आजोबांचं हे उत्तर फार नडतं. कसं, ते आता पाहू.

कुठे काही वाईट घडलं की एक मागणी हटकून होते: शाळेच्या दारात पोलीस ठेवा. मागणीमागची कळकळ खरी आहे. पण ठेवायला पोलीस आहेत किती, याचा हिशेब आपण क्वचितच करतो. तो आधी करून टाकू.

ग्रामीण भागातल्या एका ठाण्याच्या हद्दीत चाळीस-पन्नास गावं सहज असतात, वाड्या-वस्त्या वेगळ्याच. एवढ्या हद्दीचे तुकडे पाडलेले असतात. त्यांना बीट म्हणतात. एका बीटला एक हवालदार आणि हाताखाली एखाद-दुसरा शिपाई. त्यांच्याकडे काय काय येतं? समन्स आणि वॉरंट बजावायची, विहिरीत कोणी पडलं तर पंचनामा, बांधावरून डोकी फुटली तर जबाब, कोर्टाच्या तारखा. शिवाय बंदोबस्त. गणपती आला बंदोबस्त, जत्रा आली बंदोबस्त, निवडणूक आली तर महिनाभर बंदोबस्त, आणि मंत्रिमहोदय जिल्ह्यात येणार म्हटलं की ठाण्यात फक्त ठाणे अंमलदार आणि त्याची डायरी एवढंच शिल्लक राहतं. हे मी थट्टेनं म्हणत नाही. कोणत्याही बीट हवालदाराला विचारा.

त्यातही मंजूर जागा सगळ्या भरलेल्या नसतात. १ जानेवारी २०२० रोजी देशातल्या सर्व राज्यांत मिळून पोलिसांच्या २६ लाख २३ हजार जागा मंजूर होत्या आणि प्रत्यक्ष कामावर माणसं होती २० लाख ९१ हजार. म्हणजे पाचांतली एक जागा रिकामी. महिला पोलिसांची अडचण आणखी मोठी. प्रत्येक ठाण्यात निदान तीन महिला फौजदार आणि दहा महिला शिपाई असावेत, असं केंद्राच्या गृहखात्यानं राज्यांना सुचवून ठेवलं आहे. आपल्या राज्यात भरतीत महिलांना तीस टक्के आरक्षणही आहे. तरी आडवळणाच्या ठाण्यात गेलात तर महिला अधिकारी शेजारच्या ठाण्यातून बोलवावी लागते, हे बऱ्याच पालकांनी अनुभवलं असेल.

आता दुसरी बाजू. पोलीस कमी, तशी शाळेतही माणसं कमीच. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे साठ मुलांपर्यंतच्या प्राथमिक शाळेला दोन शिक्षक. एक गुरुजी प्रशिक्षणाला किंवा तालुक्याच्या बैठकीला गेले की उरला एक. शिपाई नाही, रखवालदार नाही. सोमवारी सकाळी शाळा उघडावी तर व्हरांड्यात पत्त्यांचा डाव झाल्याच्या खुणा आणि कोपऱ्यात बाटल्या. त्या गोळा करून, पाणी मारून, मग प्रार्थना. हे ज्यांनी केलं आहे ते शिक्षक आता मान हलवत असतील.

दोन्हीकडे माणसं अशी तुटपुंजी. मग राखण करायची कशी? एक प्रसंग सांगतो.

राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरासाठी आमच्या महाविद्यालयाची मुलं घेऊन मी एका गावी दहा दिवस राहिलो होतो. गावात शाळा सातवीपर्यंत. पुढचं शिकायचं तर तीन किलोमीटरवरच्या हायस्कुलात जायचं. आठवीतली एक मुलगी, तिच्या दोन मैत्रिणी, तिघी मिळून पायी जायच्या. वाटेत फाट्यावर दोन पोरं मोटारसायकल घेऊन उभी राहायची. आधी नुसतं पाहायची, मग मागे मागे यायला लागली, मग नंबर मागायला लागली. मुलगी धीट. तिनं वर्गावरच्या बाईंना सांगितलं. बाईंनी मुख्याध्यापकांच्या कानावर घातलं, त्यांनी सरपंचांच्या. सरपंचांनी पोरांच्या बापांना बोलावलं. चहा झाला. पोरांनी हात जोडले. गावातली गोष्ट गावात मिटली, म्हणून सगळ्यांना बरं वाटलं.

आठ दिवसांनी मुलीच्या वडिलांनी तिची शाळा बंद केली. गावभर बोलणं झालं होतं, आणि त्यात नाव तिचंच येत होतं. ती बसली म्हणून मैत्रिणीही घरी बसल्या. मी गेलो तेव्हा पोरं फाट्यावर उभी होतीच. पुढे त्या बीटच्या हवालदाराची गाठ पडली. मी जरा रागानंच विचारलं. तो म्हणाला, ‘सर, त्या फाट्यावरून मी दिवसाआड जातो. पण मला कोणी सांगितलंच नाही.’

हवालदार अगदीच निर्दोष होता असं मी म्हणणार नाही. दिवसाआड जाणाऱ्या माणसाला दिसायला हवं होतं. पण त्याचं वाक्य मला विसरता येत नाही. बाई, मुख्याध्यापक, सरपंच, दोन बाप, एवढ्या जणांना कळलं; ज्याला कळायला हवं त्यालाच कळलं नाही. ठाणं काही शंभर कोसांवर नव्हतं. फोन प्रत्येकाच्या खिशात होता.

तुम्ही म्हणाल, खेड्यातली गोष्ट आहे, शहरात असं होत नाही. बदलापूर हे काही खेडं नाही. तिथे ऑगस्ट २०२४ मध्ये एका शाळेत शिशुवर्गातल्या दोन लहान मुलींवर शाळेतल्याच सफाई कामगारानं अत्याचार केल्याचं उघडकीला आलं. शाळाही शहरात, ठाणंही शहरात. तरीही तक्रार नोंदवून घ्यायला ठाण्यात पालकांना तासन् तास थांबावं लागलं, आणि शाळेनंही पोलिसांना कळवलं नव्हतं. २० ऑगस्टला संतापलेले लोक रेल्वे रुळांवर उतरले तेव्हा सगळ्या राज्याला कळलं. ठाण्यातल्या तिघांच्या निलंबनाचा आदेश निघाला. मुंबई उच्च न्यायालयानं आपण होऊन दखल घेतली. न कळवल्याबद्दल शाळेच्या चालकांवर वेगळा गुन्हा नोंदला गेला. तिथे पोलीस आणि शाळा यांच्यामध्ये रस्ता फार तर दहा मिनिटांचा असेल. जो वेळ गेला तो संकोचानं गेला, शाळेच्या नावाच्या काळजीनं गेला, आणि ठाण्यातल्या बेफिकिरीनंही गेला.

शाळेच्या चालकांवर गुन्हा कसा, हे शिक्षक बंधुभगिनींनी नीट समजून घ्यावं. १४ नोव्हेंबर २०१२ पासून आपल्याकडे बालकांचं लैंगिक अपराधांपासून संरक्षण करणारा कायदा लागू आहे. इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून सगळे त्याला पॉक्सो म्हणतात. अठरा वर्षांखालचा प्रत्येक मुलगा आणि मुलगी या कायद्यानं बालक आहे. त्याच्या १९ व्या कलमानं, असा गुन्हा घडल्याचं ज्याला माहीत आहे किंवा घडेल अशी ज्याला धास्ती वाटते, त्या प्रत्येकानं पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. कळवलं नाही तर २१ व्या कलमाखाली सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही. संस्थेच्या प्रमुखानं हाताखालच्या माणसाचा असा गुन्हा कळवला नाही, तर वर्षापर्यंत कैद आणि दंड.

इथे शिक्षकांचा एक गैरसमज होतो. त्यांना वाटतं, आधी आपण खात्री करून घ्यावी, पुरावा गोळा करावा, मग कळवावं. कायदा हे मागत नाही. खात्री करणं हे पोलिसांचं काम. आपण मुलाला चार वेळा चौघांसमोर तीच गोष्ट सांगायला लावली, तर मूल बिथरतं आणि पुढे कोर्टात तपासही लंगडा पडतो. मुलानं जे सांगितलं ते त्याच्या शब्दांत लिहून ठेवावं, तारीख-वेळ घालावी, आणि कळवावं. सद्‌भावनेनं कळवणाऱ्याला याच कायद्यानं संरक्षण दिलं आहे. उद्या आरोप सिद्ध झाला नाही म्हणून गुरुजींना कोर्टात खेचता येत नाही.

आणि फाट्यावरची पोरं? ती ‘पोरं आहेत, करायचीच’ या सदरात गेली होती. पण लैंगिक हेतूनं बालकाचा वारंवार पाठलाग करणं, त्याच्यावर पाळत ठेवणं, प्रत्यक्ष किंवा फोनवरून सतत गाठत राहणं हा याच कायद्याच्या ११ व्या कलमाखाली लैंगिक छळ आहे, आणि त्याला तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. ज्या गोष्टीवर त्या दिवशी चहा झाला ती गोष्ट ही होती. गावानं मिटवायची तडजोड आणि पोलिसांचा गुन्हा यांतली रेघ कुठे आहे हे गावकऱ्यांना ठाऊक नसेल, पण शाळेला ठाऊक असायला हवी.

यावर एक रास्त शंका येते. पोलिसांना कळवलं की खाकी गाडी दारात येणार, मुलीला ठाण्यात नेणार, गावभर बोभाटा होणार; मग बाप शाळा बंद करणारच. ही भीती खरी आहे, आणि कायदा करणाऱ्यांनाही ती ठाऊक होती. म्हणून २४ व्या कलमात पोलिसांना बंधनं घातली आहेत. मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला सोयीच्या जागी घ्यायचा. शक्यतो महिला अधिकाऱ्यानं घ्यायचा आणि ती फौजदाराच्या दर्जाखालची नसावी. जबाब घेताना अंगावर गणवेश नको. रात्री कोणत्याही कारणानं मुलाला ठाण्यात ठेवायचं नाही. मुलाचं नाव, फोटो, घर, शाळा, काहीही वर्तमानपत्रात येता कामा नये. पोलिसांनी चोवीस तासांच्या आत बालकल्याण समितीला आणि विशेष न्यायालयाला कळवायचं. हे सगळं पालकांना आधी कोणी सांगितलं, तर कळवायला त्यांचं मन होतं. एखाद्या ठाण्यात असं घडत नसेल, तर ‘साहेब, साध्या कपड्यात या’ असं म्हणण्याचा अधिकार आपल्याला आहे. मी हे म्हटलेलं पाहिलं आहे, आणि साहेब साध्या कपड्यात आलेलेही पाहिले आहेत.

आता शाळा आणि ठाणं यांच्या मधला माणूस कोण? खेड्यात तो तयारच आहे. पोलीस पाटील.

जुन्या काळी पाटीलकी वंशपरंपरेनं चाले. मुलकी पाटील सारा पाही, पोलीस पाटील चोरीमारी पाही. कित्येक गावी दोन्ही एकच. पुढे मुलकी पाटलाचं पद १९६२ च्या कायद्यानं गेलं, आणि पोलीस पाटलासाठी १९६७ साली महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियम झाला. आता पाटील नेमला जातो, घराण्यानं होत नाही; बऱ्याच गावी तर पाटीलबाई आहेत. गावातल्या गुन्ह्यांची, गुन्हेगारांची आणि संशयास्पद हालचालींची माहिती ठेवणं आणि ठाण्याला कळवणं हे त्यांचं कायद्यानं ठरलेलं काम आहे. ठाण्याकडे गावात कायम राहणारा माणूस हा एवढाच. पण शाळेच्या कामात आपण त्यांना किती वापरतो? पंधरा ऑगस्टला खुर्ची देतो आणि पुढच्या सव्वीस जानेवारीला पुन्हा देतो.

सरकारनं मात्र मार्च २०२२ मध्ये प्रत्येक शाळेत ‘सखी सावित्री’ समिती असावी असा निर्णय काढला, तेव्हा पोलीस पाटलांना त्या समितीत घेतलं. महिला शिक्षक, अंगणवाडी सेविका, पालक, मुलांचे प्रतिनिधी यांच्या जोडीला ते बसतात. कल्पना चांगली आहे. माझी तक्रार एवढीच की, पुष्कळ ठिकाणी ही समिती मुख्याध्यापकांच्या खोलीतल्या फलकावर आहे आणि तिच्यात आपलं नाव आहे हे सभासदालाच ठाऊक नसतं. तुमच्या शाळेतल्या फलकावरची नावं वाचून, त्यांतल्या दोघांना रस्त्यात गाठून विचारून पाहा.

बदलापूरच्या प्रकारानंतर लगेच, २१ ऑगस्ट २०२४ रोजी, शाळांच्या सुरक्षिततेबद्दल आणखी एक शासन निर्णय निघाला. कॅमेरे बसवा, तक्रारपेटी ठेवा, सफाईवाले, मदतनीस, गाडीवाले यांना कामावर घेण्याआधी पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी करून घ्या, आणि मुलावर अत्याचार झाल्याचं कळताच चोवीस तासांत शिक्षणाधिकाऱ्यांना कळवा, अशा त्यात सूचना आहेत. (शिक्षणाधिकाऱ्यांना कळवलं म्हणजे पोलिसांना कळवलं असं होत नाही. दोन्ही वेगळं.) पडताळणी जरूर करावी, पण तिच्यातून काय कळतं तेही ओळखून असावं. त्या माणसावर आजवर गुन्हा नोंदला आहे की नाही, एवढंच तो दाखला सांगतो. ज्याच्याबद्दल मागच्या गावी कोणी तक्रारच केली नाही, त्याचा दाखला स्वच्छच येणार. मागच्या शाळेनं मिटवून घेतलेलं प्रकरण पुढच्या शाळेच्या दारात असं धुतलेल्या कपड्यांनी येतं. कॅमेऱ्याचंही तसंच. वीज असली तर तो झालेलं दाखवतो. नोंदल्या गेलेल्या गुन्ह्यांत आरोपी बहुतेक वेळा मुलाच्या ओळखीचा निघतो, असं वर्षानुवर्षांची आकडेवारी सांगते. कुंपणच शेत खाऊ लागलं तर कॅमेरा कोणाकडे वळवायचा?

त्या मानानं तक्रारपेटी साधी वस्तू आहे, पण तिचं मोल मोठं. तिच्याबद्दल एकच सुचवतो. पेटी मुख्याध्यापकांच्या दारासमोर टांगू नये. पाण्याच्या टाकीकडे, जिथे प्रत्येक मूल जातंच, तिथे टांगावी. आणि ती ठरल्या वारी पोलीस पाटील किंवा बीटच्या माणसासमक्ष उघडावी. हवालदार महिन्यातून एकदा पेटीसाठी म्हणून आला, तरी चार मुलं त्याला ओळखू लागतात. कित्येक जिल्ह्यांत ‘पोलीस काका’, ‘पोलीस दीदी’ या नावानं हेच चाललं आहे. ठाण्यातला एक शिपाई, एक महिला शिपाई शाळांना वाटून दिलेले. बंदोबस्तानं त्यांचे दिवस बुडतात हे खरं. तरी ‘गप्प बस, नाहीतर पोलिसाला देईन’ असं ऐकत वाढलेल्या मुलाला पोलिसाशी बोलता येतं, हे काही कमी नाही. आपण घरी हे वाक्य म्हणायचं सोडलं तर त्यांचं काम आणखी हलकं होईल. केरळानं २०१० साली शाळकरी मुलांचं छात्र पोलीस दल सुरू केलं. २०१८ पासून ती योजना आठवी-नववीच्या मुलांसाठी देशभर आली. तिचा मुख्य फायदा मला हाच दिसतो. कवायत नंतर.

एक सोपी बाब सांगतो, जिथे पोलिसांशी ओळख व्हायला बरं निमित्त आहे. शाळेजवळची पानटपरी. २००३ च्या कायद्यानं शिक्षणसंस्थेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू, गुटखा, सिगारेट विकायला बंदी आहे. दंड दोनशे रुपयांपर्यंतच, त्यामुळे टपरीवाला हसतो. पण मुलाला तंबाखू किंवा दारू देणं हा २०१५ च्या बाल न्याय अधिनियमाच्या ७७ व्या कलमाखाली सात वर्षांपर्यंत सक्तमजुरीचा आणि एक लाखापर्यंत दंडाचा गुन्हा आहे. हे कलम हवालदारानं टपरीवाल्याला नुसतं वाचून दाखवलं तरी टपरी चार दिवसांत रस्त्याच्या पलीकडे सरकते. तसंच शाळेच्या गाड्यांचं. शालेय वाहतुकीच्या २०११ च्या नियमांप्रमाणे प्रत्येक शाळेत परिवहन समिती हवी, आणि तिच्यात पोलीस निरीक्षकाला जागा आहे. टमटममध्ये मुलं कोंबलेली दिसली की ती समिती कधी भरली होती ते विचारायला हरकत नाही.

आता कळवायचं कुठे? तातडीचं असेल तर ११२. मुलांसाठी १०९८. हा दुसरा क्रमांक १९९६ साली मुंबईतच, टाटा समाजविज्ञान संस्थेच्या एका प्रयोगातून सुरू झाला आणि तिथून देशभर गेला. २०२३ पासून तो सरकारच्या महिला व बालविकास खात्याकडे आहे. फोन फुकट लागतो, आणि मूल स्वतःही करू शकतं. आकडे सुटे सुटे शिकवावेत: दहा, नऊ, आठ. पहिलीच्या मुलालाही पाठ होतात.

आणि ठाण्यात गेल्यावर ‘ही आमची हद्द नाही’ म्हणाले तर? १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १७३ व्या कलमात स्पष्ट आहे की, दखलपात्र गुन्ह्याची खबर हद्द न पाहता कोणत्याही ठाण्यानं नोंदून घ्यायची. नोंदीची प्रत विनामूल्य मिळते. ती मागून घ्यावी. नोंद घेतलीच नाही, तर तीच हकिकत कागदावर लिहून टपालानं पोलीस अधीक्षकांना पाठवता येते. त्यानंही झालं नाही तर मॅजिस्ट्रेटकडे जाता येतं. टपालाची पावती मात्र जपून ठेवा.

शेवटी त्या हायस्कुलाचं सांगायचं राहिलं. त्या तिघींपैकी दोघी पुढच्या जूनमध्ये परत शाळेत आल्या. तिसरीचं लग्न ठरलं होतं. बाईंनी मधल्या काळात एक गोष्ट केली. शाळेच्या बाहेरच्या भिंतीवर, जिथे सुविचार लिहायचे तिथे, बीट हवालदाराचं नाव आणि फोन, पोलीस पाटलांचं नाव आणि फोन, ११२ आणि १०९८ असं ठळक अक्षरांत रंगवून घेतलं. फाट्यावरून दिसतं. हवालदाराची बदली होते, मग नाव बदलावं लागतं. आतापर्यंत तीनदा बदललं. बाईंच्या कपाटात त्यासाठी निळ्या रंगाचा एक डबा ठेवलेला असतो.